पेशीला नेमकं काय कळतं?

शंकेखोर : शाळेच्या पुस्तकातलं मध्यावस्थेचं चित्र मला कधीच पटलं नाही. सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका ओळीत उभी, दोन्ही टोकांकडून तर्कुतंतू सरळ येऊन त्यांना भिडलेले, आणि पुढच्या चौकटीत निम्मी अर्धगुणसूत्रं इकडे, निम्मी तिकडे. मधे काही निसटलं, काही अडकलं, असं कुठेच दिसत नाही. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं. विभाजनाआधी प्रत्येकाची प्रत तयार होते, म्हणजे वाटणी 92 अर्धगुणसूत्रांची. प्रत्येक नव्या पेशीत 46 जायला हवीत हे झालंच, पण प्रत्येक जोडीतलं एकेकच जायला हवं. नुसती संख्या जुळून भागत नाही. पेशीला डोळे नाहीत, मोजदाद येत नाही. आणि हे आपल्या शरीरात दर सेकंदाला लाखो पेशींत चाललेलं असतं. तरी तुम्ही मंडळी ठामपणे सांगता की वाटणी अचूक व्हावी याची पेशी काळजी घेते. ही काळजी घेतंय कोण?

अभ्यासक : चित्र खोटं नाही, पण त्यातून सगळ्यात महत्त्वाचा वेळ गाळलेला आहे. जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती ओळ अगदी शेवटी दिसते. त्याआधी नुसती धांदल. केंद्रकाचं आवरण विरघळतं, दोन टोकांपासून, म्हणजे ध्रुवांपासून, तर्कुतंतूंच्या सूक्ष्मनलिका चहूकडे वाढत सुटतात, आणि वाढता वाढता एखादी अचानक आखडते, मग पुन्हा वाढते. 1984 मध्ये टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी हे पेशीबाहेर, शुद्ध प्रथिनांवर दाखवलं. एकाच द्रावणात काही नलिका वाढत होत्या आणि त्याच वेळी शेजारच्या काही झपाट्याने विरत होत्या. ही धरसोड हेच शोधाचं साधन आहे. गुणसूत्रबिंदूवर प्रथिनांचा एक थर असतो, त्याला कायनेटोकोर म्हणतात. फिरत्या नलिकेचा स्पर्श झाला की तो तिला पकडतो, ती कुठल्या ध्रुवाकडून आलीय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्यामुळे पहिली पकड चुकीची असणं ही नेहमीची गोष्ट. कधी जोडीतली दोन्ही अर्धगुणसूत्रं एकाच ध्रुवाला बांधली जातात, कधी एकाच कायनेटोकोरला दोन्ही ध्रुवांकडच्या नलिका येऊन चिकटतात. योग्य पकड पेशी हुडकून काढत नाही. अयोग्य पकड टिकत नाही, एवढंच.

शंकेखोर : पण अयोग्य आहे हे ठरल्याशिवाय ती सुटणार कशी? तपासनीस नाही म्हणता म्हणता तुम्ही तो आत आणून बसवलातच.

अभ्यासक : याचं उत्तर एका काचेच्या सुईने दिलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ब्रूस निकलस नाकतोड्याच्या वृषणातल्या पेशींवर काम करत. त्यांतली गुणसूत्रं मोठी, बारीक सुईने ढकलता येतील अशी. 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी गुणसूत्रांची एक जोडी तंतूंपासून सोडवली आणि अशी वळवून ठेवली, की दोन्ही गुणसूत्रं एकाच ध्रुवाला बांधली जावीत. तशीच सोडून दिली तर ही बांधणी थोड्या वेळात आपोआप सुटायची, जोडी पुन्हा धडपडायची आणि शेवटी दोन ध्रुवांना नीट बांधली जायची. मग त्यांनी तीच चूक पुन्हा घडवली, पण या वेळी सुईने जोडीला त्या ध्रुवाच्या उलट दिशेला हलकेच ओढून धरलं. सुई ओढत होती तोवर चुकीची बांधणी सुटलीच नाही. इथे बरोबर काय नि चूक काय हे कुणीही ठरवलेलं नाही. पेशीला कळला तो फक्त ताण. एरवी हा ताण येण्याचा मार्ग एकच, जोडीतली दोघं एकमेकांना बांधलेली असताना विरुद्ध दिशांना ओढली जाणं. म्हणून ताण हा योग्य बांधणीचा पुरावा ठरतो. निकलस यांनी सुईने तो पुरावा बनावट तयार केला आणि पेशी त्याला फसली.

शंकेखोर : फसली म्हणजे तिला बांधणी दिसत नाही, बांधणीचा परिणाम तेवढा जाणवतो. हे मान्य. पण ताण रेणूंना जाणवतो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अभ्यासक : याची दोन उत्तरं आहेत. दोन्ही खरी निघाली आहेत, आणि कुठल्याचं वजन किती यावर अजून वाद आहे. पहिलं असं, की जोडीच्या मधल्या भागात अरोरा बी नावाचं विकर बसलेलं असतं. आवाक्यातल्या कायनेटोकोर-प्रथिनांना ते फॉस्फेट चिकटवतं आणि त्यांची नलिकेवरची पकड ढिली होते. ताण आला की ही प्रथिनं बाहेरच्या अंगाला खेचली जातात, अरोराच्या आवाक्याबाहेर जातात आणि पकड टिकते. दुसरं उत्तर 2010 मध्ये सिएटलमधून आलं. सू बिगिन्स आणि चिप ॲस्बरी यांच्या गटांनी यीस्टचे कायनेटोकोर पेशीबाहेर काढून शुद्ध केले आणि लेझरच्या साह्याने धरून नलिकेच्या टोकावर ओढून पाहिले. जोर वाढवला तर पकड लवकर सुटावी ही साधी अपेक्षा. पण काही पिकोन्यूटनपर्यंतच्या ओढीला ती उलट जास्त वेळ टिकली. खुंटीला टाकलेला सरकफास ओढ पडली की आवळत जातो, तसं. तिथे पेशी नव्हती, आणि अरोराचीही गरज पडली नाही.

शंकेखोर : ठीक. पण मग सगळा भार एकाच गोष्टीवर येऊन पडला. जोडीतली दोघं एकमेकांना घट्ट बांधलेली आहेत, हे तुम्ही गृहीत धरलंत. ते बंधन सैल असेल तर ताण येणारच नाही. ते वेळेआधी तुटलं तर सुटलेली अर्धगुणसूत्रं वाटेल तिकडे जातील. मग ते कधी तोडायचं हे कशावरून ठरतं? एखादं गुणसूत्र अजून कोपऱ्यात भटकतंय, तोवर बाकीच्या 45 जोड्यांनी थांबायचं, हा निरोप पेशीभर जातो कसा?

अभ्यासक : ते बंधन म्हणजे कोहेसिन. प्रथिनांचं एक कडं दोन्ही प्रतींना वेढून असतं. वेळ आली की सेपरेज नावाचं विकर ते कडं कापतं, आणि ही वेळ येईपर्यंत सेक्युरिन नावाचं प्रथिन सेपरेजला जखडून ठेवतं. एकदा कापलं की मागे फिरणं नाही, म्हणून सगळी राखण कापण्याच्या आधी. ती राखण कोण करतं हे 1991 मध्ये यीस्टमधून कळलं, दोन प्रयोगशाळांतून एकाच वर्षी. एक अँड्र्यू मरे यांची, दुसरी अँड्र्यू हॉइट यांची. त्यांनी यीस्टला बेनोमिल दिलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला बाविस्टिन माहीत असतं. त्यातलं कार्बेन्डाझिम हे बेनोमिलच्याच विघटनातून तयार होणारं द्रव्य, आणि बुरशीच्या सूक्ष्मनलिका बांधल्या जाऊ नयेत हेच त्याचं काम. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतलं कोल्चिसिन आणि दारच्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन, हीदेखील सूक्ष्मनलिकांवरच घाला घालतात. तर बेनोमिलचा थोडा मारा केला की धडधाकट यीस्ट विभाजन अर्ध्यावर थांबवतं, तंतू पुन्हा जुळेपर्यंत वाट पाहतं आणि मग पुढे जातं. काही उत्परिवर्तित यीस्ट मात्र थांबेचनात. अर्धवट बांधलेली गुणसूत्रं घेऊन ते विभागले आणि मेले. त्यांच्यात बिघडलेल्या जनुकांना मॅड आणि बब अशी नावं मिळाली, आणि त्यांचीच भावंडं पुढे माणसातही सापडली.

हे काम कसं चालतं तेही आता बरंच उलगडलंय. रिकामा कायनेटोकोर मॅड2 हे प्रथिन ओढून घेतो, त्याचा आकार बदलतो, आणि तयार होणारं संयुग पेशीभर पसरून सेक्युरिनचा नाश रोखून धरतं. कायनेटोकोर भरला की ही निर्मिती थांबते. म्हणजे निरोप 'सगळं तयार आहे' असा नसतोच. निरोप 'अजून नाही' एवढाच असतो, आणि तो बंद पडला की विभाजन पुढे सरकतं. एकच जागा रिकामी असली तरी तो चालू राहतो. ऑल्बनीत कॉन्ली रीडर यांनी 1995 मध्ये पोटोरू या ऑस्ट्रेलियन प्राण्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर हे तपासलं. या पेशी चपट्या असतात, गुणसूत्रं थोडी, त्यामुळे एकेक कायनेटोकोर नजरेत धरता येतो. शेवटचा रिकामा राहिलेला कायनेटोकोर त्यांनी लेझरने जाळून टाकला. साधारण पाव तासात पेशी पश्चावस्थेत गेली, म्हणजे अर्धगुणसूत्रं दोन बाजूंना निघाली.

शंकेखोर : थांबा. हाच प्रयोग तुमच्यावर उलटतो. ज्या गुणसूत्राचा एक कायनेटोकोर जाळला ते दुसऱ्या बाजूने एकाच ध्रुवाला बांधलेलं होतं. त्याच्यावर दोन्हीकडून ओढ येणं शक्यच नव्हतं, तरी पेशी खुशाल पुढे गेली. म्हणजे राखणदाराला ताणाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त रिकामी जागा दिसते. निकलस यांची सुई एक सांगते आणि रीडर यांचा लेझर दुसरंच.

अभ्यासक : आणि गंमत पाहा, त्याच 1995 मध्ये निकलस यांच्याच प्रयोगशाळेतून उलट साक्ष आली. प्रार्थनाकीटकाच्या शुक्राणू घडवणाऱ्या पेशीत कधीकधी एक एक्स गुणसूत्र एकटं पडतं आणि एकाच ध्रुवाला बांधलं जातं. अशी पेशी तासन्‌तास अडून राहते, पुष्कळदा मरते. तिथे सुईने त्या गुणसूत्रावर ताण दिला, आणि तासाभरात पेशी विभागली. वीस वर्षं हे दोन निष्कर्ष शेजारी शेजारी उभे होते. 2015 मध्ये दोन गटांनी मानवी पेशींत कायनेटोकोर असा बदलला, की अरोराला त्याची पकड ढिली करता येऊ नये. मग ताण नसतानाही पकड टिकली, आणि राखणदार गप्प झाला. त्यावरून निदान मानवी पेशींपुरतं असं दिसतं, की ही दोन कामं वेगळी आहेत. ताण नसेल तिथली पकड अरोरा सोडवतं, जागा रिकामी होते, आणि रिकामी जागा राखणदाराला दिसते. त्याला ताण दिसतो तो असा, आडवळणाने.

शंकेखोर : मग या दोघांच्या मधून वाट निघते, आणि ती मघाशी तुम्हीच ओझरती सांगून गेलात. एकाच कायनेटोकोरला दोन्ही ध्रुवांकडच्या नलिका. तिथे ताण आहे, म्हणून अरोरा पुरेसं चालत नाही. जागा भरलेली आहे, म्हणून राखणदार गप्प. पेशीच्या लेखी सगळं ठीक, आणि प्रत्यक्षात ते अर्धगुणसूत्र दोन्हीकडून खेचलं जाऊन मधेच लोंबकळतंय. मला ही किरकोळ फट वाटत नाही. जी चूक हमखास घडणार, तीच पकडण्याची सोय नाही.

अभ्यासक : मला यावर सारवासारव करायची नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत मागे रेंगाळणारी गुणसूत्रं दिसतात, त्यांच्यामागे मुख्यतः हेच कारण असतं. पुष्कळदा योग्य बाजूच्या नलिका संख्येने जास्त असतात आणि ओढाताणीत तीच बाजू जिंकते. पण दरवेळी नाही. गुणसूत्रं फारशी ढळत नाहीत अशा, निरोगी समजल्या जाणाऱ्या मानवी पेशीरेषांतही साधारण शंभर विभाजनांत एखादं गुणसूत्र भलतीकडे जातं. यीस्टमध्ये एखादं गुणसूत्र हरवण्याचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास. यीस्टच्या कायनेटोकोरला एकच नलिका धरते, आपल्याकडे पंधरा-वीस. जागा मोठी तेवढी गुंतागुंत जास्त. आपल्या सह्याद्रीतलं भेकर या प्रश्नासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलंय, त्याच्या पेशींच्या रूपाने. मादीत फक्त 6 गुणसूत्रं, नरात 7, आणि कायनेटोकोर लहानमोठे, काही चांगलेच मोठे. 2018 मध्ये त्यात असं दिसलं, की मोठा कायनेटोकोर असलेली गुणसूत्रं दोन्ही ध्रुवांना चटकन बांधली जातात, पण दुहेरी पकडीची चूकही त्यांच्यातच जास्त होते. सापडायला सोपं ते गुंतायलाही सोपं. या दोहोंतून सुटका नाही, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलंय.

शंकेखोर : मग पेशीने आणखी थांबावं. वाट पाहिल्याने चुका सुटत असतील तर घाई कशाची?

अभ्यासक : थांबण्यालाही मर्यादा आहे. राखणदार चालू असतानाही पेशीला विभाजनात धरून ठेवणारं सायक्लिन बी हे प्रथिन थोडं थोडं झिरपत नष्ट होत राहतं, आणि पुरेसं कमी झालं की पेशी विभाजन न करताच त्यातून बाहेर पडते. काही पेशी त्याआधीच मरतात. कर्करोगावरचं टॅक्सॉल पेशींना इथेच अडवून मारतं, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. 2014 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींत पाहिलं तर औषधाची पातळी पेशींना अडवून ठेवण्याइतकी नव्हतीच. पेशी थांबत नव्हत्या, तीन-चार ध्रुवांत फाटून चुकीच्या विभागत होत्या.

शंकेखोर : म्हणजे औषध चुका वाढवून मारतं. आणि तुम्हीच सांगता की चुकांतून कर्करोग होतो.

अभ्यासक : होय, आणि ही गाठ सुटलेली नाही. थिओडोर बोवेरी यांनी 1902 मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यात दोन शुक्राणू शिरले की गुणसूत्रांची वाटणी कशी विस्कटते आणि गर्भ कसा बिघडतो ते दाखवलं. 1914 मध्ये त्यांनी लिहिलं की कर्करोगाचं मूळही अशाच वाटणीत असावं. शंभर वर्षांनंतरही उत्तर एका बाजूला झुकत नाही. सेंप-ई या कायनेटोकोर-प्रथिनाचं जनुक निम्म्यावर आणलेल्या उंदरांत म्हातारपणी काही गाठी वाढल्या, आणि काही प्रकारच्या गाठी उलट कमी झाल्या. थोडी अव्यवस्था गाठीला हात देते, जास्त झाली की गाठच टिकत नाही. ती सीमा कुठे आहे, हे प्रत्येक ऊतीत वेगळं निघतंय.

शंकेखोर : शरीरातल्या पेशीचं एक वेळ सोडा. एक बिघडली तर मरेल, तिची जागा दुसरी घेईल. बीजांडाचं काय? तिथे दुसरी संधी नाही. आणि तिथेच तुमची यंत्रणा सगळ्यात कच्ची. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांची गडबड सापडते. डाउन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या पंचविशीत हजारात एकापेक्षाही कमी असतं, चाळिशीत शंभरात एकाच्या घरात जातं. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने यीस्टला लाखात एक दिलं आणि आईला हे दिलं?

अभ्यासक : याचं उत्तर मघाच्या बंधनातच आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडं अर्धसूत्री विभाजन सुरू करतात आणि मधेच थांबतात. गुणसूत्रांच्या जोड्या कोहेसिनने बांधलेल्या अवस्थेत ती वीस, तीस, चाळीस वर्षं तशीच राहतात. उंदरांत दाखवलं गेलंय की हे कोहेसिन जन्माआधी एकदा बसतं, नंतर नवं घालता येत नाही. जे झिजलं ते झिजलं. वय वाढलं की जोड्यांमधलं अंतर वाढतं, कधी त्या वेळेआधीच सुटतात. त्यात मानवी बीजांडाला तर्कू बांधणारी तारककेंद्रंच नाहीत. 2015 मध्ये मेलिना शू यांच्या गटाने पाहिलं, की तर्कू उभा राहायला तिथे सुमारे 16 तास लागतात आणि या काळात तो पुन्हा पुन्हा डळमळतो.

आणि हे मी नुसतं कुतूहल म्हणून सांगत नाही. आपल्याकडे असं मूल झालं की आजही घरात कुजबुज होते. सूनबाईने ग्रहण पाळलं नाही, भलतंसलतं खाल्लं, वाकून काम केलं. डाउन सिंड्रोममधलं जादा एकविसावं गुणसूत्र दहातल्या नऊ वेळा बीजांडातून आलेलं असतं, आणि ती चूक बहुतेकदा गर्भ राहण्याआधीच घडलेली असते. गरोदरपणात तिने काय केलं नि काय नाही, याचा तिथे संबंधच येत नाही. ज्या बाईला हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं, ती आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. मला ते सहन होत नाही.

शंकेखोर : ते मी मनापासून मान्य करतो. पण माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग उरतोच. बंधन झिजलं हे समजलं. मग राखणदार काय करतोय? बीजांड चुकतंय हे त्याला दिसू नये?

अभ्यासक : दिसतं, पण अंधुक. उंदराच्या बीजांडात एकदोन गुणसूत्रं नीट बांधलेली नसली तरी विभाजन पुढे जातं. एक कारण आकार असू शकतं. रिकाम्या कायनेटोकोरचा निरोप एवढ्या मोठ्या पेशीत पातळ होऊन जातो. 2017 मध्ये जपानात उंदराच्या बीजांडातला पेशीद्रव निम्मा काढून घेतला, तेव्हा राखण कडक झाली. दुप्पट केला, तेव्हा चुका वाढल्या. बीजांड मोठं असावंच लागतं, पुढचे काही दिवस गर्भाला त्याच शिदोरीवर काढायचे असतात.

शंकेखोर : पण पंचविशीतलं बीजांडही तेवढंच मोठं असतं. आकाराने वयाचा फरक सुटत नाही. मला जे खुपतंय ते आता मी नीट मांडतो. समजा, बीजांडातली राखण यीस्टइतकी कडक असती. बंधन झिजलेलं, ताण पुरेसा येत नाही, पकडी सुटत राहतात, राखणदार 'अजून नाही' म्हणत राहतो. मग चाळिशीतलं ते बीजांड अचूक विभागलं असतं, की विभागलंच नसतं? सैल राखणीमुळे चुकीची बीजांडं निघतात हे खरं. पण त्याच सैलपणामुळे तिला या वयात निरोगी मूलही होत असेल, तर त्याला बिघाड म्हणायचं की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार?

अभ्यासक : उंदरावरून तरी ठरवता येणार नाही. त्याचं बीजांड महिन्यांच्या हिशेबात थांबतं, आपलं दशकांच्या. मानवी बीजांडं संशोधनाला मिळतात ती वंध्यत्वावरच्या उपचारांत उरलेली, संख्येने थोडी, आणि ज्या स्त्रियांना आधीच अडचण होती त्यांचीच जास्त. तरुण आणि प्रौढ बीजांडं शेजारी ठेवून, एकातली राखण कडक करून आणि दुसऱ्यातलं बंधन पक्कं करून, कोण अडतं आणि कोण नीट विभागतं हे पाहायला हवं. तुमचं म्हणणं खरं असेल तर राखण कडक केलेली प्रौढ बीजांडं नुसती अडून बसतील, आणि बंधन पक्कं केलेलीच तेवढी सुटतील. माझा अंदाज असा, की काही अडलेलीही वेळ मिळाल्यावर नीट बांधली जातील.

शंकेखोर : किती, यावर सगळं आहे.